खांबाशिवायचं घर : एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर

खांबावरची वीजजोडणी न घेता आम्ही सोलरच्या विजेवर आणि झऱ्या-पावसाच्या पाण्यावर घर चालवतो. आधी सामानाची यादी देते, कारण फोनवर पहिला प्रश्न तोच येतो. 540 वॉटचे दहा पॅनेल, म्हणजे 5.4 किलोवॉट. 51.2 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, म्हणजे साधारण दहा युनिटांचा साठा. 5 केव्हीएचा ऑफ-ग्रिड, म्हणजे खांबावरच्या विजेशिवाय चालणारा इन्व्हर्टर. पाण्यासाठी 30,000 लिटरची फेरोसिमेंटची (लोखंडी जाळीवर सिमेंट थापलेली) टाकी, घराच्या वर उतारावर 2,000 लिटरची प्लॅस्टिकची आणि अर्ध्या एचपीचा पंप. माणसं चार, म्हैस एक. जागा कोल्हापूर जिल्ह्यात, बाजारभोगावच्या पुढं डोंगरालगत. जवळचा विजेचा खांब पाऊण किलोमीटरवर. मी घरून जीएसटीचे रिटर्न भरायचं काम करते, म्हणजे लॅपटॉप आणि राउटर दिवसभर चालू. रान हे बघतात.

लाईट-पाण्याचा सगळा खर्च सहा लाखांच्या आत बसला. त्यातले सव्वाचार लाख सोलरचे, आणि त्यात सगळ्यात मोठा आकडा बॅटरीचा. आम्ही घेतलं तेव्हा पॅनेलवर 12 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झाला. सुटी लिथियम बॅटरी मात्र 18 टक्क्यांतच आहे. म्हणून कोटेशन ओळीओळीनं मागा. "टोटल एवढं" म्हणणाऱ्याकडून चहा प्यावा आणि निघावं.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं लाईटचा हिशेब आषाढात मांडायचा आणि पाण्याचा वैशाखात. वर्षाची सरासरी कागदावर झकास दिसते, पण सरासरीचा महिना पंचांगात नसतो. पॅनेलला जे दिवस वाईट, त्या दिवसांत पागोळ्यांनी अंगण भरून वाहत असतं. पाण्याला जे दिवस वाईट, तेव्हा सकाळी अकराला बॅटरी फुल्ल होऊन उरलेलं ऊन वाया जातं. ही दोन टोकं सांभाळली की मधले महिने आपोआप निघतात.

जागा बघताना आमची पहिली अट होती उंची. आमचं मूळ घर प्रयाग चिखलीत, आणि 2019 व 2021 या दोन्ही पुरांनंतर सासूबाईंनी नदीकाठचा नाद सोडला. मात्र वर गेलं की पूर सुटतो, रस्ता सुटत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या धोका पातळीकडं सरकायला लागलं की केर्लीजवळ रत्नागिरी रस्ता आणि मांडुकलीजवळ गगनबावडा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. औषधं, सिलिंडर, पिठाचा डबा, म्हशीची पेंड हे सगळं जूनच्या पहिल्या आठवड्यात भरून ठेवावं लागतं.

कागदांचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. 1948 च्या कूळकायद्यातलं कलम 63 त्यासाठीच आहे. आमचा सातबारा आधीपासून होता म्हणून निभावलं. "तुम्हाला शेतकरी दाखला काढून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. 2023 च्या अधिसूचनेनं जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. त्याहून लहान तुकडा "फार्महाऊस प्लॉट" म्हणून दाखवत असतील तर खरेदी नक्की कशाची होणार ते वकिलाला विचारा. सातबाऱ्यात मालकाच्या नावापेक्षा 'इतर हक्क' हा रकाना जास्त वेळ वाचा. आपल्या जिल्ह्यात धरणं भरपूर, त्यामुळं धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे शेरे भरपूर. भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं की तिथंच थांबा. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, किती आहे तेही बघा. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे तांबड्या दगडाच्या पठारावर, कागदावरचं एकर आणि कुदळ शिरेल असं एकर यात बराच फरक असतो. घर बांधायची परवानगी ही आणखी वेगळी पायरी आहे, आणि डोंगराकडच्या बऱ्याच गावांना पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा प्रश्नही आहे. ते तालुक्यातच विचारून घ्यावं.

आणि रस्ता. आम्ही दोन जागा नुसत्या पाणंदीवरून सोडल्या. बांधावरून वाट मिळवायला जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडं अर्ज करता येतो हे खरं, पण ज्यांच्या बांधावरून रोज जायचं त्यांच्याशी पहिली ओळख नोटिशीनं व्हावी हे काही बरं नाही. वाळूचा डंपर नाही आला तरी ट्रॅक्टर भर पावसात दारापर्यंत येतो का, ते जुलैमध्ये जाऊन बघा. जानेवारीत सगळेच रस्ते चांगले असतात.

सोलरवाल्यांकडं तीन कोटेशन घेतली. तिन्हींत हिशेब एकच होता : एका किलोवॉटला दिवसाला चार युनिट, तुमचा वापर पाच, म्हणजे 3 किलोवॉट पॅनेल रग्गड आणि पावसाळ्यासाठी बॅटरी डबल. वाडीतल्या तात्यांनी तो कागद बघितला आणि म्हणाले, "वहिनी, हितं पाऊस लागला की आठ-आठ दिस सूर्य तोंड दावत न्हाई. बॅटरी भरणार कशानं?"

प्रश्न बिनतोड होता. आषाढातल्या काळ्या दिवशी एका किलोवॉटमागं जेमतेम पाऊण युनिट मिळतं. 3 किलोवॉटला सव्वादोन. वापर पाचाचा, म्हणजे रोज पावणेतीन युनिटांची तूट. वीस युनिटांची बॅटरी असली तरी आठवड्यात तळ गाठणार, आणि ती परत भरायला पुन्हा ऊनच लागणार. उलट 5.4 किलोवॉटला त्याच अंधारात चार युनिट मिळतात. तूट एकाची. दहा युनिटांची बॅटरी त्यात आठ-नऊ दिवस आरामात ओढते, आणि मधे एखादा दुपारचा उघाड मिळाला की हिशेब कोरा. बॅटरी नुसती साठवते, कमवत नाही. त्यात पॅनेल स्वस्त झालेत आणि बॅटरी अजून महाग आहे. म्हणून आम्ही कोटेशन उलटं करून घेतलं : पॅनेल जवळपास दुप्पट, बॅटरी निम्मी. दुकानदार जरा नाराज झाला. गेल्या आषाढात घर अंधारात राहिलं नाही. पेट्रोलचा छोटा जनरेटर आणला होता. तो निघाला एकदाच, तेही वेल्डिंगवाल्यासाठी.

पॅनेल वाढवताना एक गोष्ट तपासा. पॅनेलच्या मागच्या लेबलवर व्हीओसी (काही न जोडता पॅनेल देतं ते व्होल्टेज) म्हणून आकडा असतो, आमच्याकडं पन्नासच्या जवळपास. सलग जोडले की तो बेरजेनं वाढतो. आमच्या इन्व्हर्टरची मर्यादा 500 व्होल्ट, त्यामुळं दहा एका ओळीत न जोडता पाच-पाचच्या दोन ओळी केल्या. थंडीत व्होल्टेज आणखी चढतं, तेवढी जागा सोडावी लागते.

पॅनेल किती तिरपं ठेवावं याबद्दल मतं फार. कोल्हापूर साधारण 16.7 अंश उत्तरेला, म्हणून पुस्तकी उत्तर 'दक्षिणेकडं तोंड, सतरा अंश'. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, आणि ढग असले की उजेड सगळ्या आभाळातून सारखा झिरपतो. तेव्हा पॅनेल जितकं आडवं तितकं चांगलं. आम्ही बारा अंश ठेवलं. याहून आडवं केलं तर खालच्या चौकटीशी पाणी तुंबतं. तसंही ऑगस्टमध्ये खालच्या कडेला बोटभर रुंदीची शेवाळाची हिरवी पट्टी धरतेच. ती दुरून दिसत नाही, पण त्या रांगेचं उत्पादन खाते. पॅनेल गार असताना, सकाळी लवकर, जुन्या सुती कापडानं ओलं करून पुसायचं, खरवडायचं नाही. पॅनेलचं स्ट्रक्चर कोल्हापूरच्या उद्यमनगरातून गॅल्व्हनाइज्ड करून आणलं. रंगवलेलं लोखंड इथल्या पावसात टिकत नाही हे गावातल्या प्रत्येक फाटकाकडं बघून कळतं.

रोजच्या वापरातल्या दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, इन्व्हर्टर स्वतः खातो. आमचा पन्नास वॉट, म्हणजे चोवीस तासांत सव्वा युनिट. फ्रिजपेक्षा जास्त! घेताना नो-लोड, म्हणजे काहीच चालू नसताना किती खातो ते विचारा; "किती लोड ओढतो" हे सगळेच सांगतात. दुसरी, पाल. वळवाचा पहिला पाऊस झाला की दिव्याभोवती वाळवीची पाखरं येतात, पाखरांमागं पाली येतात, आणि इन्व्हर्टरचे खालचे झरोके त्यांना घर वाटतात. ओळखीच्यांचा बोर्ड असाच जळाला. आम्ही पहिल्याच दिवशी स्टीलची बारीक जाळी बसवली, आणि ती दर पंधरा दिवसांनी ब्रशनं झाडावी लागते. वॉरंटीचं म्हणाल तर, डिसेंबरमध्ये डिस्प्ले बंद पडला तेव्हा विक्रेत्याचा माणूस "आज येतो, उद्या येतो" करत तीन आठवड्यांनी उगवला. सामान कुठल्या कंपनीचं यापेक्षा दुरुस्तीवाला किती किलोमीटरवर राहतो ते मला आता महत्त्वाचं वाटतं.

वळवाच्या विजांना इथं जपूनच राहावं लागतं. जांभ्यात अर्थिंग पकडत नाही. दोन खड्डे खोल घेतले, पॅनेलकडून येणाऱ्या वायरवर सर्ज प्रोटेक्टर (अचानक चढलेलं व्होल्टेज अडवणारा) लावला, आणि एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो.

स्वयंपाकाचं म्हणाल तर दिवाळी ते मे दुपारचा सगळा स्वयंपाक इंडक्शनवर. तेव्हा वीज उतू जात असते, वापरली नाही तर फुकट. पावसाळ्यात गॅस. अंघोळीला तांब्याचा बंब. सोलर हीटर घेतला नाही, कारण गरम पाण्याची खरी गरज लागते त्या महिन्यांत तो थंडच असतो. गोबर गॅसचं सगळे विचारतात. दोन घनमीटरच्या प्लांटला रोज पन्नास किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. एका म्हशीवर होत नाही.

अनुदानाचं म्हणाल तर पीएम सूर्यघरचे 78,000 रुपयांपर्यंतचे पैसे ग्रिडला जोडलेल्या छतासाठी आहेत, आमच्यासारख्यांना नाहीत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्केच भरावे लागतात, अडीच एकरांपर्यंत 3 एचपी मिळतो. पण तो पंप शेतीचा. त्याच्या पॅनेलवर घर चालवायचं गृहीत धरू नका.

आता पाणी, ज्यावर मला खरं तर जास्त लिहायचं होतं.

जांभ्याच्या सड्यावर पडलेलं पाणी खाली मुरतं आणि जिथं चिकट मातीचा किंवा काळ्या खडकाचा थर लागतो तिथून कडेनं झरा होऊन बाहेर पडतं. आमच्या गटात असा एक आहे. डिसेंबरमध्ये तो बघणाऱ्याला वाटतं, आता जन्माची चिंता मिटली : 20 लिटरची बादली चाळीस सेकंदांत भरते. मालकानं आम्हाला तेव्हाच दाखवला होता. ह्यांनी इसार द्यायचं मेपर्यंत लांबवलं, आणि वैशाखात बादली आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन गेले. तीच बादली भरायला दहा मिनिटं लागली. ह्यांचा चेहरा पडला. पण कागदावर मांडलं तर मिनिटाला दोन लिटर, म्हणजे चोवीस तासांत 2,880 लिटर. चार माणसांना माणशी सत्तर धरले तर रोज 280 लागतात. म्हशीचे शंभर-सव्वाशे वेगळे. म्हणजे करंगळीएवढी धारही पुरून उरते, फक्त ती रात्रीही गोळा व्हायला हवी. तिथंच जागा पक्की झाली आणि बोअरचे पैसे वाचले.

उरतं म्हणून सगळं आपलं नसतं. खालच्या वाडीची गुरं उन्हाळ्यात त्याच पाण्यावर. झरा आमच्या गटात असला तरी आम्ही पाईप लावला तो गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीच्या खाली, आधी डोण भरते आणि सांडलेलं आमच्या टाकीत येतं. हे ठरलं ते तात्यांच्या ओट्यावर, कागदावर नाही. त्यानंतर आमच्या पाईपच्या चरीसाठी वाडीतली पोरं न बोलावता आली.

छपराचं पाणी घेतोच. 120 चौरस मीटर छप्पर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. वर्षाचा 2,500 मिलिमीटर धरला आणि वीस टक्के सांडले तरी 2 लाख 40 हजार लिटर होतात. आकडा ऐकून लोक हरखतात, पण आषाढात ते पाणी ठेवायचं कुठं? आपल्या उपयोगाचा पाऊस परतीचा. सप्टेंबरअखेर टाकी आतून घासून घ्यायची, पुढच्या सरीची पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी बाहेर सोडायचं, मग भरायची आणि झाकायची. उजेड आत जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. भरलेली टाकी आम्ही फेब्रुवारीपर्यंत शिवत नाही. जूनमध्ये झऱ्याचं पाणी गढूळ येतं, तेव्हा पिण्याचं उकळूनच.

उतारावरची टाकी नळापासून बारा मीटर वर आहे. दहा मीटरला एक बार, म्हणजे सव्वा बार दाब फुकट. वॉशिंग मशीनसुद्धा कुरकुर न करता भरतं. पंप दुपारी बारा ते दोनमध्येच लावायचा हा घरातला नियम, आणि तो मोडला तर सासूबाई ओरडतात : "अगं ढग आल्यात, बंद कर ते!" इन्व्हर्टरचं ॲप माझ्या फोनवर आहे, पण त्यांचा अंदाज त्याच्या आधी येतो.

ज्यांच्या घरी रोज तपासणी लागणारं आजारपण आहे किंवा एसीशिवाय झोप नाही, त्यांनी हे करू नये. आम्हाला जमलं. दिवाळीनंतर आणखी पैसे घालणार आहोत, पण बॅटरीत नाही. 20,000 लिटरची दुसरी टाकी, डोणीला लागूनच, वाडीनंही वापरायची. गवंडी बोलून ठेवलाय, जाळी शहरातून येईल. वाळूचं तेवढं अजून ठरायचंय.