चैनीचा म्हणून घेतला, आत निघाला साबण

लोकमान्य नगरच्या बाजूला माझं टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. इंदूरमध्ये या धंद्यात २२ वर्षं काढली. आमचं सगळं उलटं असतं. लोकांच्या खिशात पैसे खुळखुळले की जुनी मशीन एक्स्चेंजला जाते, नवी घरी येते आणि मी माशा मारत बसतो. हात आखडला की तीच मंडळी जुनं धूड लोडिंग रिक्षात घालून माझ्या दारात. म्हणून दोन वर्षांपूर्वी वाटलं, आपलं दुकान मंदीत चालतं, तर बाजूला तेजीत चालणारं काहीतरी असावं. गाड्या, एसी, दागिने, हॉटेलं. पोट भरल्यावर माणूस ज्यावर खर्च करतो ते.

एकेक शेअर निवडण्याएवढी अक्कल नाही, वेळ तर नाहीच. मग निफ्टी इंडिया कन्झम्प्शन या इंडेक्सवर, म्हणजे कंपन्यांच्या ठरलेल्या यादीवर, चालणारा एक ईटीएफ घेतला. ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड. फंड कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. तक्रार निम्मी माझ्यावरच आहे.

ती आधी सांगून टाकतो. पहिल्या दिवशी दुकानाचं शटर वर करायच्या आधी, सव्वानऊला बाजार उघडल्या उघडल्या मोबाइलवर १०० युनिटची मार्केट ऑर्डर टाकली. युनिटची खरी किंमत, म्हणजे आतल्या शेअरांच्या भावावरून निघणारी आयएनएव्ही, ११२ रुपये ३० पैसे दिसत होती. मला मिळाले ११४ रुपये ८० पैशांनी. अडीचशे रुपये गेले. एक बेल्ट बदलायची मजुरी. झालं असं, की सकाळी विकणारे मोजकेच असतात, आणि मार्केट ऑर्डर म्हणजे समोर जो भाव असेल तो मुकाट्याने घेणं. महाराणी रोडवर स्पेअर घेताना मी पाच रुपयांसाठी तीन दुकानं फिरतो, आणि इथे भाव न विचारता पिशवी पुढे केली! आता साडेअकरानंतर बसतो, आयएनएव्ही बघतो, लिमिट टाकतो, म्हणजे यापेक्षा जास्त देणार नाही असा भाव. भाव नाही जमला तर ऑर्डर तशीच पडून राहते, बिघडत काही नाही.

खरी गंमत पुढे. दिवाळीच्या सुट्टीत निवांत बसून फंडाची यादी उघडली. ३० कंपन्या. मारुती आहे, महिंद्रा आहे, टायटन, ट्रेंट आहे. छान. पण बरोबर हिंदुस्तान युनिलिव्हर, आयटीसी, भारती एअरटेल! साबण, सिगारेट आणि रिचार्ज. शिवाय अपोलो हॉस्पिटल. हौस म्हणून हॉस्पिटलात कोण जातं हो? हिला यादी वाचून दाखवली तर म्हणाली, "अहो, हा तर आपला महिन्याचा खर्च आहे."

चूक फंडाची नाही. कन्झम्प्शन म्हणजे वापर, त्यात मीठही आलं आणि मोटारही. मीच नावावरून चैन समजून बसलो. अमेरिकेत या दोन गोष्टींचे पुडेच वेगळे बांधलेत. तिथल्या एस अँड पी ५०० या मोठ्या कंपन्यांच्या इंडेक्समधल्या फक्त ऐच्छिक खर्चाच्या कंपन्यांचा ईटीएफ १९९८ पासून आहे आणि रोजच्या किराणा मालाचा वेगळा. अर्थात तिथेही सुख नाही, त्या ऐच्छिकवाल्या फंडात अ‍ॅमेझॉन आणि टेस्ला या दोघांचंच वजन एवढं, की बाकीचे नुसते बाराती. आमच्या इंडेक्समध्ये निदान कुठल्याही एका कंपनीच्या वजनाला १० टक्क्यांची वेसण आहे.

माझा मंदी-तेजीचा हिशोब कितपत खरा, ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये कळलं. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं. लगेच सोमवारी गाड्यांचे शेअर उसळले, माझा फंडही वर. आणि त्याच आठवड्यापासून दुकानात रांग! नवा टीव्ही घ्यायला निघालेली माणसं थांबली होती. एक काकू ४३ इंची टीव्ही घेऊन आल्या, पडद्यावर उभी रेघ. "दादा, नवरात्रापर्यंत ढकल रे कसंतरी, मग नवाच घेणार आहोत." रिबन साफ करून दिली, रेघ गेली. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशीच, ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि काकू पुन्हा दिसल्या नाहीत. म्हणजे फंड आणि दुकान आलटून पालटून चालायचे सोडून दोघं एकाच आठवड्यात चालले. बाजार पुढच्या गिऱ्हाइकाचा भाव आजच लावतो, माझ्या वहीत ते महिन्याभराने उतरतं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

खर्चाचं म्हणाल तर माझ्या फंडात वर्षाला शंभरामागे ३० पैसे, त्याबद्दल बोट ठेवायला जागा नाही. फक्त थोडे थोडे युनिट विकू नका, ज्या दिवशी विकाल त्या दिवशी डीपी चार्ज, म्हणजे डीमॅट खात्यातून युनिट काढण्याचं शुल्क, वेगळा कापतात. आणि वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर. वर्ष उलटू दिलं तर १२.५ टक्के, तोही वर्षाचा सगळा मिळून सव्वा लाखाच्या वर नफा असेल तरच. माझा नफा तिथवर पोचायला अजून बरेच बेल्ट बदलावे लागतील.

पाचपैकी साडेतीन देतो. एक कापला सकाळच्या घाईचा, अर्धा साबणाचा. आहे ते विकत नाही. पण दर तिमाहीला जे पाच हजार टाकतो, ते या वेळी निफ्टी ऑटो या गाड्यांच्या इंडेक्सच्या ईटीएफमध्ये जातील. कंपन्या १५च आहेत, हेलकावे जास्त बसतील, पण यादी आधी वाचली आहे. साबण नाही.