निकाराग्वाचा सिगार: सौम्य घ्यावा की मध्यम?

निकाराग्वाचा सिगार घ्यायला गेलं की दोन प्रकार शेजारी दिसतात. एक फिकट सोनेरी रॅपरचा, म्हणजे सर्वांत बाहेरच्या पानाचा, सौम्य. दुसरा तपकिरी, किंचित तेलकट चमक असलेला, मध्यम. नवख्याला सहसा पहिलाच सुचवला जातो. निकोटीनचा जोर सोसत नसेल त्याने तो जरूर घ्यावा. पण निकाराग्वाच्या तंबाखूची चव ओळखायची असेल, तर लहान मापाचा मध्यम सिगार कितीतरी जास्त शिकवतो. आणि सौम्य सिगार हाताळायला सोपा असतो हा समज तर सोडूनच द्यावा. त्यात हातून झालेली प्रत्येक चूक जिभेला कळते.

आधी तीव्रता आणि चव या दोन गोष्टी वेगळ्या करू. तीव्रता म्हणजे निकोटीनचा जोर. तो डोक्यात आणि पोटात जाणवतो. चवीचा भरीवपणा तोंडात जाणवतो. दोन्ही ठरतात ते मुख्यतः पान झाडावर कुठे वाढलं त्यावर. खालची पानं वोलादो: चव कमी, पण जळतात छान. त्यांच्या वर सेको, मग व्हिसो आणि शेंड्याला लिगेरो. लिगेरोला ऊन सर्वांत जास्त मिळतं, म्हणून ते जाड, तेलकट, जोरकस असतं आणि सावकाश जळतं. सौम्य सिगारमध्ये सेकोवर भर असतो, लिगेरो अगदी थोडं किंवा मुळीच नसतं. मध्यम सिगारमध्ये व्हिसो वाढतं आणि लिगेरोची पट्टी बरोबर मधोमध ठेवतात. ती एका कडेला सरकली तर ती बाजू मागे राहते आणि सिगार वाकडा जळतो.

आता माती. उत्तर निकाराग्वातल्या एस्तेलीची जमीन काळी, भारी. तिथल्या पानात मिरीचा झणका आणि दम असतो. होंडुरासच्या सीमेजवळच्या हलापा खोऱ्यातलं पान गोडसर, सुवासिक. कोंदेगाचं या दोन्हींच्या मधलं. निकाराग्वा सरोवरातल्या ओमेतेपे या ज्वालामुखीच्या बेटावरचं पान मातकट गोडवा आणतं. क्युबन क्रांतीनंतर तिथले तंबाखूवाले १९६०च्या दशकात या भागात आले, बियाणं आणि कसब घेऊन. एस्तेलीतला होया दे निकाराग्वा हा सर्वांत जुना कारखाना १९६८चा.

इथेच दोन प्रकारांतला खरा फरक आहे. सौम्य सिगारचा फिकट रॅपर बहुधा निकाराग्वाचा नसतोच. कनेटिकट जातीचं ते पान इक्वाडोरमध्ये ढगांच्या नैसर्गिक सावलीत पिकवतात, त्यामुळे ते पातळ आणि मऊ होतं. ओलिवाचा कनेटिकट रिझर्व्ह हे याचं सरळ उदाहरण: आत निकाराग्वा, वर इक्वाडोर. उलट होया रेडसारख्या मध्यम सिगारमध्ये फिलर (आतला तंबाखू), बाइंडर (तो बांधून ठेवणारं पान) आणि रॅपर तिन्ही निकाराग्वाचे असतात. अशा एकाच देशाच्या सिगारला पुरो म्हणतात. सौम्यमध्ये साय, भाजलेले बदाम, वाळलेलं गवत, देवदाराचं लाकूड अशा चवी येतात आणि निकाराग्वा मागून हळूच मिरी पेरतो. मध्यममध्ये पहिल्या काही झुरक्यांतच काळी मिरी येते, मग ती ओसरून कोको, भाजलेली कॉफी, चामडं आणि हलापाचा गोडवा उलगडतो. हा बदल टिपणं हीच चव घेण्यातली मजा, आणि ती मध्यममध्ये ठळक मिळते.

मापाची निवड मात्र दोघांची उलटी करावी. सौम्य घेत असाल तर रोबुस्तो: ५ इंच लांब, ५० रिंग गेज. रिंग गेज इंचाच्या ६४व्या भागात मोजतात, म्हणजे जाडी साधारण २० मिमी. जाड सिगारचा धूर थंड राहतो आणि नाजूक चव करपत नाही. मध्यम घेत असाल तर साडेपाच इंची, ४२ गेजचा कोरोना. तंबाखू कमी, म्हणून निकोटीनही आटोक्यात. शिवाय बारीक सिगारमध्ये रॅपरचं प्रमाण जास्त पडतं, त्यामुळे त्याची चव स्पष्ट लागते. रोबुस्तोला पाऊण ते एक तास लागतो, कोरोना त्याआधी संपतो.

तोंडात धरायच्या टोकाची टोपी कापताना २ मिमीपेक्षा खोल जाऊ नये. टोपी जिथे रॅपरला चिकटवलेली असते ती रेघ ओलांडली की रॅपर सुटायला लागतो, आणि कनेटिकटचं पातळ पान आधी सुटतं. पेटवण्याआधी एक कोरा झुरका घेऊन पाहावा. ओढ घट्ट लागली तर सिगार दाबून बोटांत हलकेच फिरवावा. तरीही सुटली नाही तर तो ओलसर किंवा फार घट्ट वळलेला असू शकतो. ब्युटेनची साधी ज्योत किंवा लांब लाकडी काडी वापरावी, काडीचं गंधक जळून गेल्यावरच. ज्योत टोकापासून सेंटीमीटरभर दूर धरून, सिगार फिरवत कडा आधी शेकून घ्यावी. जोरदार झोताचा टॉर्च लायटर मध्यमच्या जाड रॅपरला एक वेळ चालतो. फिकट रॅपर त्याने करपतो आणि पहिले पाच मिनिटं नुसता कोळसा लागतो.

झुरका मिनिटाला एक, फार तर दोन. सौम्य सिगार कडू किंवा कागदासारखा लागतो ही तक्रार बहुतेक वेळा घाईची असते: चव कमी वाटते म्हणून माणूस जोरात ओढतो, टोक तापतं आणि उरलीसुरली चवही जाते. मध्यममध्ये ही चूक मिरीआड लपते, पण निकोटीन भराभर चढतं. धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात दोन-तीन सेकंद फिरवून बराचसा सोडावा आणि उरलेला नाकावाटे. सौम्यमध्ये हे दर दुसऱ्या झुरक्याला करता येतं, कारण त्याची साय आणि बदाम नाकातच कळतात. मध्यममध्ये अगदी थोडा धूर, अधूनमधून. नाहीतर मिरी झोंबते.

धूर गिळला नाही म्हणजे निकोटीन टळलं असं नाही. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. रिकाम्या पोटी मध्यम सिगार ओढला तर गरगरणं, थंड घाम, मळमळ ठरलेली. तसं झालं तर सिगार खाली ठेवावा, पाणी प्यावं, काहीतरी गोड खावं. आणि सौम्य हा शब्द फक्त जोराचा आणि चवीचा आहे: तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका दोन्हींत आहे.

साठवण दोघांचीही ६५ ते ६९ टक्के आर्द्रतेत, २० अंशांच्या आसपास. त्याहून ओलं झालं की फिलर फुगतो आणि फिकट रॅपर आधी फाटतो. तापमान २४ अंशांवर गेलं तर तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटण्याची भीती असते.

दोन्ही शेजारी ठेवून चाखायचे असतील तर सौम्य आधी, मध्यम नंतर. शक्यतो दुसऱ्या दिवशी. सोबत साधं पाणी. काळी कॉफी मध्यमला साथ देते, सौम्यला झाकून टाकते. सौम्य सिगार शेवटच्या दीड-दोन इंचांत तापून कडवट होतो, तिथेच थांबावं. मध्यम बोटांना चटका जाणवेपर्यंत बरा लागतो. मध्येच विझला तर राख झाडून, आत साचलेला शिळा धूर उलटी फुंकर मारून काढावा आणि मगच पुन्हा शेकावा. अर्धा ओढलेला सिगार ह्युमिडरमध्ये, म्हणजे आर्द्रता राखणाऱ्या साठवणीच्या पेटीत, परत ठेवू नये. त्याचा वास बाकीच्यांना लागतो.