झांबियातल्या शाळेचा हापसा: वर्षभर त्याच्या पाण्यावर राहिल्यानंतर

इंडिया मार्क टू हापशाचा अनुभव कोणी लिहीत नाही, कारण तो कोणी स्वतःसाठी विकत आणत नाही. गावात असतो तेव्हा त्याच्याकडे लक्ष जात नाही आणि बिघडला की नुसती बोंब होते. मी २०२४ चं जवळजवळ सगळं शालेय वर्ष झांबियाच्या पूर्व भागात, कटेटे जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवत होते. ही शाळा गावकऱ्यांनी उभारलेली, तिथे अशा शाळांना कम्युनिटी स्कूल म्हणतात. शिकवणारे बरेचसे गावातलेच स्वयंसेवक, त्यांत मी एक परदेशी. माझं पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणं आणि शाळेतलं सगळं पाणी या एका हापशाचं होतं. हापसा उत्तम आहे. पण त्याच्या पाइपांबद्दल आणि दुरुस्तीबद्दल मला बरंच बोलायचं आहे.

दिवस कसा जातो ते आधी सांगते, म्हणजे यंत्रावर किती भार आहे ते कळेल. पहाटे पाचच्या आधी दांड्याचा आवाज सुरू होतो. बायका आणि मुली वीस लिटरचे पिवळे कॅन रांगेत लावून ठेवतात. अंगावर पाजतं मूल असलेली बाई आणि म्हातारी आजी यांचा नंबर आधी, त्यावर कोणी वाद घालत नाही. मीही रांगेत उभी राहायचे. सुरुवातीला मला पुढे ढकलायचा प्रयत्न व्हायचा, मी हात जोडून मागेच थांबायचे. मग 'मुली ब्वांजी', म्हणजे न्यांजात 'कशा आहात', करत चौकशी व्हायची, रात्री झोप लागली का, घरचं सगळं बरं आहे का. माझी अर्धी न्यांजा भाषा त्या रांगेत शिकून झाली. सहाला मुलं येतात, अंगण झाडतात, वर्गात पाणी शिंपडून धूळ बसवतात. सातला शाळा. तेव्हा पहिली ते चौथी न्यांजामधून शिकवायचे, म्हणून माझ्याकडे वरच्या वर्गांचं गणित आणि विज्ञान होतं. बारावीपर्यंतचं सरकारी शिक्षण २०२२ पासून मोफत झाल्यावर सगळीकडेच मुलं वाढली आहेत. आमच्याकडे दोन पाळ्या करूनही एका बाकावर चार-चार जण बसायचे.

दुपारी न्शिमा. मक्याच्या पिठाचा घट्ट उकडीसारखा गोळा, सोबत भोपळ्याच्या पाल्याची शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी किंवा सुकी कापेंटा मासळी. जेवण हाताने, म्हणून आधी हातावर पाणी घालण्याची पद्धत अगदी कसोशीने पाळली जाते. लहान मुलगी गुडघे टेकून तांब्याने पाणी घालते, मोठी माणसं आधी. संध्याकाळी पुन्हा रांग, मग सौर दिव्याखाली वह्या तपासणं. या सगळ्याच्या तळाशी एकच दांडा आहे. एक हापसा साधारण तीनशे माणसांसाठी धरतात. आमच्या शाळेची मुलंच चारशेच्या घरात होती, गाव वेगळं.

इतका भार असूनही वरचा सांगाडा, दांडा आणि साखळी यांनी वर्षभर काही म्हणता काही त्रास दिला नाही. दांड्याची रचनाच अशी आहे की आठपट जोर मिळतो, त्यामुळे दहा वर्षांची मुलगीही पाणी काढू शकते. महिन्यातून एकदा झाकण उघडून साखळीला ग्रीस लावायचं, नट-बोल्ट आवळायचे, एवढीच निगा. हा दणकटपणा आला कुठून, हे मराठी माणसाला ठाऊक असायला हवं. पूर्वी आपल्याकडे ओतीव लोखंडाचे पंप असायचे. ते मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठीचे होते आणि अख्ख्या गावाच्या हातात पडले की मोडायचे. साठच्या दशकात जालन्यात आणि सोलापुरात त्यावर काम झालं आणि पोलादाचे, एकाच आसावर फिरणाऱ्या दांड्याचे पंप बनले. त्यात सोलापूर पंप सगळ्यांत टिकाऊ ठरला. सत्तरच्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफ यांनी तोच पाया धरून मार्क टू तयार केला आणि आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. म्हणून तो आफ्रिकेत इतका पसरला. झांबियात मार्क टू आणि आफ्रिदेव हे दोन्ही हापसे दिसतात. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी पोर होते. कटेटेत सोलापूरच्या हापशाचा वारस बघून मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. मुलांना नकाशात सोलापूर दाखवलं तेव्हा त्यांनाही तो झाला.

आता दुखणं. पहाटेचं पहिलं पाणी लाल यायचं. तीन-चार कॅन भरले की निवळायचं. हे लक्षण ओळखून ठेवण्यासारखं आहे. दिवसभर उपसूनही पाणी लालच राहिलं तर लोह जमिनीतच आहे. सकाळी लाल आणि मग स्वच्छ होत असेल तर पाइप गंजतो आहे. इथलं भूजल काहीसं आम्लधर्मी आहे आणि त्यात लोखंडी पाइपावरचा जस्ताचा मुलामा फार टिकत नाही. त्या पाण्याचा चहा काळा पडतो, न्शिमाला करडी झाक येते, पांढरे शाळेचे शर्ट पिवळट होतात. लोक याला कंटाळून पुन्हा डबक्याकडे वळतात, हा खरा धोका. चांगलं पाणी फक्त चवीपायी सोडलं जातं.

दुसरं, पाणी कमी येऊ लागलं. 'आजकाल जड झालंय' असं सगळ्या बायका म्हणायच्या, पण किती कमी ते कळेना. मग सातवीच्या वर्गाला मी हेच गणित घातलं. खाली पाण्यात असलेल्या, दट्ट्या ज्यात वर-खाली होतो त्या सिलेंडरचा आतला व्यास ६३.५ मिलिमीटर, दट्ट्याची चाल १२५ मिलिमीटर. वर्तुळचितीचं घनफळ काढलं तर एका झोक्याला जेमतेम ४०० मिलिलिटर येतं. म्हणजे वीस लिटरचा कॅन पन्नास-एक्कावन्न झोक्यांत भरायला हवा. मुलांनी मोजलं तर सत्तरच्या पुढे जात होतं. एका मुलाने फळ्यावर टक्केवारी काढून दाखवली, जवळजवळ तीस टक्के पाणी आतल्या आत गळत होतं. दोन दिवसांत तो आकडा गावच्या पाणी समितीच्या बैठकीत पोचला. गणिताचा इतका चांगला तास मी भारतातल्या माझ्या सगळ्या नोकरीत घेतला नव्हता.

दुरुस्ती व्हायच्या आतच ऑगस्टमध्ये हापसा पूर्ण बंद पडला. त्या वर्षी पाऊस नव्हता. २९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष हिचिलेमा यांनी दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली होती. ओढ्याच्या वाळूत खड्डे करून पाणी साठवायचं, तेही लांब. हजेरीपट वर्गात उघडला की मुलींच्या नावापुढे रकाने रिकामे. ज्या आल्या त्या नवाच्या सुमाराला, कमरेला गुंडाळायचं कापड, चितेंगे, ओलं झालेलं, दमून. मुलगे जवळपास सगळे हजर. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. हजेरीपटावर बघताना फार लागलं. शिवाय त्याच वर्षी कॉलऱ्यामुळे देशभरच्या शाळा जानेवारीऐवजी फेब्रुवारीत उघडल्या होत्या, त्यामुळे उघड्या पाण्याची धास्ती सगळ्यांनाच होती. क्लोरिनच्या बाटल्या घरोघर वाटून आम्ही ते दिवस काढले.

मार्क टूचा सगळ्यांत मोठा दोष इथेच दिसतो. आतला वायसर बदलायचा तरी सगळी पाइपलाइन वर काढावी लागते. आमचा सिलेंडर तीस मीटरवर, म्हणजे तीन-तीन मीटरचे दहा पाइप, आतले रॉड आणि पाणी धरून दीडशे किलोच्या आसपास वजन. खास पाने आणि पकडी लागतात आणि चार-पाच तगडी माणसं. त्या टापूचा प्रशिक्षित पंप मिस्त्री सायकलवर अवजारं बांधून आला, पण सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणाहून यायला वेळ लागला, आणि मुख्य म्हणजे समितीकडे पैसे नव्हते. वर्गणी दर घराने द्यायची असते. मका विकल्यावर, मे-जूनमध्ये, लोक आनंदाने देतात. त्या वर्षी विकायला मकाच नव्हता. बायकांनी कोंबड्या विकून रक्कम जमवली. पुढच्या पिढीच्या मार्क थ्रीमध्ये पाइप न काढता दट्ट्या वर घेता येतो. नवा हापसा बसवणाऱ्याने तो पर्याय जरूर बघावा.

खालचे दोन पाइप आट्यांपाशी चाळणी झाले होते. ते, दोन्ही वायसर आणि तळाचा व्हॉल्व्ह बदलल्यावर मुलांनी पुन्हा झोके मोजले, चोपन्नमध्ये कॅन भरला. आठवडाभरात मुलींची हजेरी पूर्ववत झाली. सकाळचा लालपणा कमी झाला, गेला नाही. वरचे जुने पाइप तसेच आहेत, ते स्टेनलेस स्टीलचे झाल्याशिवाय जाणारही नाही.

इकडे बरेच जण मला विचारतात की अशा गावाला काय पाठवावं, नवा बोअर घेऊन द्यावा का. माझं मत, आधी असलेला हापसा चालता ठेवा. समितीच्या हाती सुट्या भागांचा एक संच असला तर महिन्याचं काम दोन दिवसांवर येतं. भाग तिथल्याच जिल्ह्याच्या दुकानातून घ्या, म्हणजे दुकान चालतं आणि मिस्त्रीलाही मापं सापडतात. संचात साखळी, बेअरिंग, नट-बोल्ट, रॉडचे जोड आणि ग्रीस हवं. वायसर चामड्याचे घेऊ नका, नायट्राइल रबराचे मागा, ते जास्त टिकतात.