सोळा महिने एमएम ५४० सोबत: गाडी जुनी, पण त्रास जुगाडांचा

गाडी दारात आली तेव्हा गड्ड्याची जत्रा (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा) नुकतीच उठली होती. महिंद्रा एमएम ५४०, १९९२ चं मॉडेल, डिझेल, पुढे-मागे पाट्यांचे स्प्रिंग, चारही चाकांना ड्रम ब्रेक. माझ्याआधी तीन मालक झालेले. आता सोळा महिने आणि सव्वापाच हजार किलोमीटर झाले. दोन उन्हाळे निघाले म्हणून लिहायला बसलोय. सोलापूरचा एप्रिल-मे काढल्याशिवाय जुन्या गाडीबद्दल कुणी बोलू नये.

वयामुळे ही गाडी फारसा त्रास देत नाही, हे आधीच सांगतो. इंजिन मूळ प्यूजोच्या घराण्यातलं, २,११२ सीसीचं. त्याचं हेड, म्हणजे वरचा भाग, मी अजून उघडलेलं नाही. माझे रविवार गेले ते मागच्या मालकांनी 'सध्या चालवून घ्या' म्हणत करून ठेवलेले उद्योग निस्तरण्यात.

पहिला उद्योग मार्चमध्येच सापडला. विजापूर रोडवरून जुळे सोलापूरच्या घरी येईपर्यंत तापमानाचा काटा लालला टेकायचा. इंजिनावरचं थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच (पाण्याची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) नाही! गाडीची जुनी कामं केलेल्या मेस्त्रींना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "सोलापुरात थर्मोस्टॅट कशाला साहेब? इथं गाडी तापवायची हाय की गार करायची?"

ऐकायला पटतं, पण गणित उलटं आहे. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट पाणी बायपासमधून आतल्या आतच फिरवतो. तापलं की तो उघडतो, रेडिएटरचा रस्ता मोकळा करतो आणि या रचनेत सोबत बायपासचं तोंडही दाबून धरतो. तो काढून टाकला की बायपास कायमचा उघडा. म्हणजे थोडं गरम पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता पुन्हा इंजिनात. आणि डिसेंबरच्या सकाळी याच्या बरोबर विरुद्ध: इंजिन तापायलाच मागत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर.

नवा ८२ अंशांचा आणला. बसवण्याआधी दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. ब्याऐंशीच्या आसपास हलायला लागला, नव्वदी ओलांडल्यावर पुरता उघडला. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "ते पातेलं आता तुझंच." ते अजून गॅरेजमध्येच आहे, डिझेल फिल्टर धुवायला.

तरी काटा पूर्ण खाली आला नाही, कारण खरं दुखणं पाण्यात होतं. इतकी वर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलेलं. आपल्याकडे बादलीतल्या हीटरच्या रॉडवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसला होता. रेडिएटर तांब्या-पितळेचा, म्हणून वाचला. कारागिरानं झाळण सोडवून वरची टाकी काढली, नळ्यांतून सळई फिरवली. निम्म्या नळ्या बंद होत्या. २,८०० रुपये घेतले, आणि सोळा महिन्यांत इतके सार्थकी लागलेले पैसे दुसरे नाहीत. आता निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. रेडिएटरचं झाकणही बदललं. ते नुसतं झाकण नसतं, त्याच्या स्प्रिंगच्या दाबामुळे पाणी उशिरा उकळतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, उघड्यावर पाणी शंभरच्या आधीच, ९८-९९ ला उकळतं. त्यात झाकण ढिलं म्हणजे संपलंच. यंदा मेमध्ये भर दुपारी अक्कलकोटहून आलो, काटा मध्यावर. बनियन मात्र पिळून काढावं लागलं.

दुसरा उद्योग आठवला तरी हात गार पडतात. पावसाळ्याआधी चारही ड्रम उघडायचे ठरवले. मागचा डावा निघता निघेना. हातोडीनं गोल ठोकत काढला, तर आत सगळं कोरडं खडखडीत. व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक ढकलणारा छोटा पंप) गळत होता म्हणून कुणीतरी त्या चाकाची पाइपच हातोडीनं चेपून बंद करून टाकली होती. म्हणजे मी चार महिने तीन चाकांच्या ब्रेकवर तुळजापूरचा घाट उतरत होतो, आणि गाडी जराशी उजवीकडे ओढते म्हणून टायरला दोष देत होतो. त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. चारही व्हील सिलिंडर, रबरी होज आणि ती पाइप बदलली. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला मास्टर सिलिंडरपासून (पॅडलनं दाबला जाणारा मुख्य पंप) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते नेमकं हेच मागचं डावं. पुतण्या पॅडलवर, मी खाली. "दाब. धर. सोडू नको रे!" पाऊण तास.

सगळा दोष मागच्यांवर ढकलत नाही. डिझेल फिल्टर बदलताना बँजो बोल्टचा (डिझेलची पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) जुना तांब्याचा वॉशर मीच परत बसवला. दहा रुपयांची वस्तू. तुळजापूरच्या वाटेवर तामलवाडीच्या पुढे गाडी गचके देत बंद पडली, डिझेल लाइनमध्ये हवा. हातपंप मारून फिल्टरवरच्या स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली, मग नोझलचे नट एकेक ढिले करून स्टार्टर मारला. अंगावर डिझेल, देवाला निघालेले लोक थांबून सल्ला देताहेत. वॉशर जुनाच वापरायचा असेल तर आधी लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचा, म्हणजे तांबं मऊ होऊन नीट बसतं. हे मला माहीत होतं, कंटाळा केला.

फोर बाय फोरचं विचाराल तर वर्षात सहा वेळा लागलं असेल. डांबरी रस्त्यावर लावू नका. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफ्रेन्शियल मध्ये नाही, वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ताण गिअरांवर येतो आणि मग लिव्हर निघत नाही. अडकलीच तर थोडं रिव्हर्स घेतलं की सुटते. मंगळवेढ्याला मित्राच्या रानात पावसानंतर उतरलो होतो. काळ्या मातीनं टायरच्या खाचा अशा भरल्या की चारही चाकं जागच्या जागी फिरायला लागली. शेवटी ट्रॅक्टरनं ओढलं. मित्रानं त्याचा व्हिडिओ काढलाय.

खर्च सगळा मिळून ६१ हजार, कागदपत्रं आणि टायर सोडून. शहरात दहा-अकराचं ॲव्हरेज. बेअरिंग, सील, क्रॉस (शाफ्टचे सांधे) सहज मिळतात. रबराचा माल मात्र बघून घ्या: स्वस्तातले पाट्यांचे बुश सहा महिन्यांत फाटले, दुसऱ्यांदा दुप्पट पैसे मोजले. घरी काम करणार असाल तर पान्यांच्या आधी दोन चांगल्या घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) घ्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, दगड-विटांवर तर नाहीच. दुसरी खरेदी ग्रीस गन. पाट्यांच्या शॅकल आणि क्रॉसच्या निपलमध्ये मी दर दोन महिन्यांनी ग्रीस मारतो, आतली काळी घाण बाहेर येऊन स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत.

ही गाडी घ्यावी का? घरात दुसरं वाहन असेल तर जरूर. रोज आठला ऑफिस गाठायचं असेल तर नको.

राहिलंय ते पुढचं उजवं नकल, म्हणजे चाक वळवणारा सांधा. साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, किंगपिनला (ज्या खिळीवर चाक वळतं तिला) खेळ आहे. उघडून बघितलं तर शिमच्या (फट भरायच्या पातळ चकत्यांच्या) जागी कुणीतरी पत्र्याच्या डब्याचा तुकडा कापून घातलाय, त्यावर तेलाच्या कंपनीचं अर्धं सूर्यफूलही दिसतं. खऱ्या शिम आणून ठेवल्यात, येत्या रविवारी बसवतो.