संभाजीनगरातला मेनफ्रेमचा क्लास : पडलेला जॉब उभा करायला शिकवतात

क्रांती चौकाजवळच्या या क्लासात नुसतं मेनफ्रेम या मोठ्या कॉम्प्युटरवरचं कोबोल (प्रोग्रॅमची भाषा) आणि जेसीएल (जॉब, म्हणजे त्यावर चालवायचं काम, लावायची भाषा) शिकवून सोडत नाहीत. एस०सी७ (आकड्याच्या जागी भलतंच आल्याने जॉब पडल्याचा कोड) आला की आधी डंपमधला (जॉब पडतानाच्या मेमरीच्या नोंदीतला) ऑफसेट, म्हणजे प्रोग्रॅम कुठे थांबला ती जागा, त्यावरून कंपाइल लिस्टिंगमधली (कंपायलरने दिलेल्या प्रोग्रॅमच्या यादीतली) ओळ, मग फील्ड. कॉम्प-३ मध्ये (आकडे दाटून साठवायच्या फील्डमध्ये) आकड्यांऐवजी बहुधा स्पेस शिरलेल्या असतात. हेक्समध्ये ४०४०, म्हणजे स्पेस, दिसलं की दुखणं सापडलं. हे इतकं मन लावून घोटून घेतात की पैसे इथेच वसूल! एसडी३७ ने जॉब पडला म्हणजे फाइलची प्रायमरी (सुरुवातीची) जागा संपली आणि सेकंडरी (वाढीव) दिलेलीच नाही. जॉब पुन्हा लावण्याआधी मागच्या रनची आउटपुट फाइल काढायला लावतात, नाहीतर डुप्लिकेट नावाची एरर ठरलेली. व्हीसॅम (मेनफ्रेमवर फाइल साठवायची पद्धत) मात्र उरकतात. फाइल स्टेटस ३९ ला (प्रोग्रॅममधलं फाइलचं वर्णन न जुळल्याच्या कोडला) प्रोग्रॅममधली रेकॉर्ड लांबी आणि ‘की’ (रेकॉर्ड शोधायचं फील्ड) खऱ्या फाइलशी ताडायची, एवढं तरी फळ्यावर यायलाच हवं.