भरावाखालचा चिखल: सेंट्रिफ्यूज, टाकी की सॉफ्टवेअर?

उलव्याकडच्या एका बोअरहोलवर एसपीटीसाठी, म्हणजे हातोड्याचे घाव मोजून मातीचा कणखरपणा बघायच्या चाचणीसाठी, रॉड लावला, आणि हातोडा उचलायच्या आधीच तो आपल्याच वजनाने खाली उतरत गेला. ड्रिलर हसला. “लिहा साहेब, शून्य.” नवी मुंबईत खाडीकाठी भराव टाकायचा म्हणजे या शून्यावर टाकायचा.

ऐरोलीची माझी भाची एम.टेक.च्या प्रबंधासाठी हीच माती घेतेय. भराव आणि त्याखाली निचऱ्यासाठी खुपसलेले उभे पट्टे, म्हणजे आमचे पीव्हीडी. तिचा प्रश्न सरळ आहे: “मामा, पवईला आयआयटीतल्या सेंट्रिफ्यूजच्या मागे लागू, कॉलेजच्या लॅबमध्ये टाकी भरू, की सॉफ्टवेअरवरच करू?”

सेंट्रिफ्यूज म्हणजे मातीचं छोटं मॉडेल गरगर फिरवून तिच्यावरचा भार वाढवणारं यंत्र; टाकीत तेच छोटं मॉडेल न फिरवता. टाकीचं आधी उरकतो. 10 मीटर चिखलाच्या तळाशी, पाण्याचं उचलणं वजा जाता, साधारण 50 ते 60 किलोपास्कल दाब असतो. तोच चिखल टाकीत 10 सेंटिमीटर भरला की तळाशी जेमतेम अर्धा किलोपास्कल. मातीची ताकद ठरते ती या दाबावर. त्यामुळे टाकी पोरांना दाखवायला छान, आकडे काढायला नाही.

सेंट्रिफ्यूज नेमकी हीच उणीव भरून काढतं. मॉडेल शंभरपट लहान करायचं आणि 100 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट ओढ, येईल इतक्या वेगाने फिरवायचं. मग 10 सेंटिमीटर मातीवर 10 मीटरचा दाब येतो. पवईच्या यंत्राची त्रिज्या साडेचार मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे 140 फेरे. खरी गंमत वेळेची. पाण्याला बाहेर पडायची वाट शंभरपट आखूड झाली की निचऱ्याचा काळ 100 च्या वर्गाने, म्हणजे 10,000 पटीने घटतो. साइटवरचं एक वर्ष 53 मिनिटांत उरकतं. सकाळी यंत्र सुरू केलं तर संध्याकाळी दहा वर्षांनंतरचा भराव समोर!

पण ही सवलत फक्त निचऱ्याला. पाणी निघून गेल्यावरही माती सावकाश दबत राहते, ती आपल्याच घड्याळाने, आणि खाडीची माती त्यात पटाईत. शिवाय 100 मिलिमीटर रुंद पट्टा मॉडेलमध्ये 1 मिलिमीटरचा होतो. तो खुपसताना भोवतालची माती जशी चिवडली जाते, तशी या मापात हुबेहूब जमत नाही. मॉडेलची माती बहुधा लगदा करून पुन्हा दाबलेली. साइटवर नमुने काढतो त्या आमच्या ट्यूबमधून निघणारे शिंपले आणि रेतीचे पापुद्रे तिच्यात कुठून येणार? साइटवर पाणी पळवतात ते तर हेच पापुद्रे.

सॉफ्टवेअर स्वस्त. पट्ट्यांमधलं अंतर बदलून एका दुपारी वीस वेळा चालवा. पारगम्यतेचा, म्हणजे मातीतून पाणी किती सहज वाहतं त्याचा, आकडा आणला कुठून, एवढं मात्र ते विचारत नाही. तो दहापट कमी धरला, तर सहा महिन्यांचं काम कागदावर पाच वर्षांचं होतं.

तेव्हा ‘किती खचेल, किती दिवसांत’ एवढंच हवं असेल, तर मी सॉफ्टवेअर घेईन आणि वाचलेले पैसे चांगल्या नमुन्यांवर, साइटवरच्या पिझोमीटरवर (मातीतल्या पाण्याचा दाब मोजायला) आणि सेटलमेंट प्लेटवर (जमीन किती खचली ते मोजायला) घालीन. ‘किती घाईने उंची चढवली की भराव घसरतो’ हे हवं असेल, तर पवई. खरा भराव मुद्दाम पाडून बघायला कुठला मालक देणार नाही. मॉडेल पाडता येतं.

भाचीने पट्ट्यांचं अंतर हाच विषय ठेवला, तर माझं मत सॉफ्टवेअरला. विषय बदलणार असेल, तर आधी यंत्राची तारीख मिळते का ते बघ म्हटलं. आणि हेही लक्षात ठेव, फिरवणं एका दिवसाचं असलं तरी मॉडेलची माती दाबून तयार व्हायला कधी कधी आठवडे जातात.