‘जुळवलेली मोटरजोडी’: सेकंडहँड ट्विन डाकोटा घेताना झालेली फसवणूक

रिमोटने उडवायच्या, दोन मोटरींच्या (ट्विन) मॉडेल विमानाच्या जाहिरातीतला मजकूर असा होता: ‘डाकोटा, पंखविस्तार १८०० मिमी, बाल्सा-प्लाय, फक्त दोन फ्लाइट्स झालेल्या, जुळवलेली मोटरजोडी, बॅटरीसकट, वजन २.६ किलो.’ सोबत वीसेक सेकंदांचा व्हिडिओ. दोन्ही प्रॉप (पंखे) फिरतायत, फ्लॅप (पंखांमागच्या पट्ट्या) खाली-वर होतायत. पैसे आगाऊ, माल ट्रान्सपोर्टने. खोक्यातून निघालेलं विमान दिसायला खरंच देखणं होतं. उडवण्याआधी ते टेबलावर उघडून पाहिलं म्हणून आत काय होतं ते नीट सांगता येतंय. उडवलं असतं तर पुरावा सांगायला तुकडेच उरले असते, आणि विक्रेत्याला ‘तुम्हाला उडवता आलं नाही’ म्हणायला मोकळं रान मिळालं असतं.

डाकोटा या जुन्या, दोन इंजिनांच्या वाहतूक विमानाचं नाव काढलं की आपल्याकडे माणूस हळवा होतो. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला फौज उतरवली ती याच विमानांनी. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून रंगसंगती हवाई दलाची आणि किंमत त्या रंगाची.

आधी व्हिडिओबद्दल. त्यात थ्रॉटल (मोटरींना दिलेला जोर) अर्ध्याच्याही खाली होता, हे आवाजावरून कळतं. ट्विनमध्ये अर्ध्या थ्रॉटलला जवळपास काहीही चालून जातं. मोटरींमधला फरक, ईएससीची (मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटची) कमकुवत बाजू, बारीक वायर, म्हातारी बॅटरी, यातलं काहीच तिथे दिसत नाही. सगळं बाहेर येतं ते फुल थ्रॉटलला, म्हणजे नेमकं टेकऑफच्या वेळी.

दोन्ही मोटरींवर ९०० केव्हीचा (किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टला आरपीएम, म्हणजे मिनिटातले फेरे) स्टिकर होता. प्रॉप काढून, वीजपुरवठा बरोबर १२ व्होल्टवर ठेवून टॅकोमीटर (फेरे मोजणारं यंत्र) लावला. डावी सुमारे १०,५०० आरपीएम, उजवी १२,३०० च्या आसपास. बिनलोडचे आरपीएम भागिले व्होल्ट केले की केव्ही अंदाजे कळतो, प्रत्यक्षात तो जरा जास्त असतो. म्हणजे डावी ९०० ची होती, उजवी १०५० च्या घरातली. उजवीचा स्टिकर सोलला तर खाली दुसऱ्या स्टिकरचा डिंक होता. मग दोन्हींवर तोच १०×६ चा (इंचांत व्यास आणि पिच) प्रॉप आणि तीच भरलेली ४एस (चार सेलची) बॅटरी लावून, विमान बांधून, एकेक बाजू वॉटमीटरवर (करंट आणि पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) घेतली. डावी ९,४०० आरपीएमला २४ अँपिअर ओढत होती, उजवी १०,५०० ला ३३. थ्रस्ट आरपीएमच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे उजवीकडे जवळजवळ पाव हिस्सा जास्त ओढ.

एवढ्यावर भागलं असतं तर ट्रिम (रिमोटवरची बारीक दुरुस्ती) मारून निभावता आलं असतं. पण त्याच उजव्या मोटरीचा ईएससी ४० अँपिअरचा म्हणून विकलेला होता. हीटश्रिंक (वरची प्लास्टिकची आवळलेली नळी) कापली तेव्हा डावीकडच्या बोर्डावर जेवढे मॉस्फेट (करंट सोडणारे-तोडणारे ट्रान्झिस्टर) होते त्यापेक्षा उजवीकडे कमी निघाले. बोर्ड ३० अँपिअरचा, वर नवी हीटश्रिंक आणि नवं लेबल. ३० वर ३३ म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण बंद नॅसेलमध्ये (पंखावरच्या मोटरीच्या कवचात), हवा जायला वाट नसताना, ईएससी तापून स्वतःला बंद करतो किंवा पॉवर उतरवतो.

आता हे दोन दोष एकत्र ठेवून पाहा. टेकऑफला उजवी बाजू जास्त ओढते, नाक डावीकडे जातं, पायलट उजवा रडर (शेपटीचं सुकाणू) देतो. चढाईत उजवा ईएससी गप्प बसतो. आता डावी मोटर नाक उजवीकडे ढकलते, आणि रडर आधीच उजवीकडे दिलेला आहे. वेग कमी, नाक वर, डाकोटाचा निमुळता पंख टोकाकडून स्टॉल व्हायला, म्हणजे उचल गमवायला, टपलेलाच. विमान उजव्या पंखावर पलटी खातं. अशा वेळी सुटकेचा मार्ग एकच: चालू मोटरचा थ्रॉटल ताबडतोब खाली, नाक खाली, पंख सपाट, आणि समोर मिळेल तिथे उतरायचं. तीस फुटांवर हे सगळं करायला सेकंदही मिळत नाही.

सिंगल इंजिनच्या विमानात हलका ईएससी निघाला तर ते ग्लाइड करून खाली येतं. ट्विनमध्ये एका बाजूला वाचवलेले आठशे रुपये अख्खं विमान घेऊन जातात. ‘दोन मोटरी, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे’ हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी आलं की खिसा घट्ट धरायचा.

वायरिंगची कथाही तशीच. बॅटरी धडात, ईएससी नॅसेलमध्ये, मधली पॉवर वायर ३५ सेंटीमीटरने वाढवलेली. लांबी वाढवायची तर ईएससी ते मोटर या तीन वायरींची वाढवावी. बॅटरीकडची वाढवणं टळत नसेल, तर साधारण दर १० सेंटीमीटरला २२० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर ईएससीजवळ जोडावा. नाहीतर व्होल्टेजचे झटके ईएससीचे कपॅसिटर खातात. इथे एकही कपॅसिटर नव्हता, आणि १४ गेज म्हणून घातलेली वायर ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी. वरून कथिलाचा मुलामा असला तर चांगली तांब्याची वायरही पांढरीच दिसते, म्हणून खरवडूनच पाहायचं. तांबं असेल तर तांबूस रंग येतो. हे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम होतं.

दोन्ही ईएससींच्या लाल वायरी वाय-हार्नेसमधून (एकाला दोन जोडणाऱ्या वायरीतून) रिसीव्हरला (रिमोटचे संदेश घेणाऱ्या सर्किटला) एकत्र जोडलेल्या होत्या. आठ सर्व्हो (फ्लॅप, रडर वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी), ४एस बॅटरी, आणि ईएससीतले लिनियर बीईसी (रिसीव्हर-सर्व्होंसाठी व्होल्टेज उतरवणारी, जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारी सर्किटं). ४एसवर लिनियर बीईसी तीन-चार छोट्या सर्व्होंच्या पलीकडे तापतो, आणि तो गेला की रिसीव्हरच जातो. योग्य जोडणी म्हणजे दोन्ही प्लगमधून लाल पिन काढून ती हीटश्रिंकने झाकायची आणि रिसीव्हरला निदान ५ अँपिअरचा वेगळा यूबीईसी द्यायचा. सर्व्होंवर एमजी९०एस, म्हणजे धातूच्या गिअरांच्या सर्व्होचं मॉडेल, लिहिलेलं होतं. केस उघडली तर चार धातूच्या गिअरांमागे मोटरला लागून असलेला गिअर प्लास्टिकचा. नकलांची ही जुनी खूण आहे.

बॅटरीला वजनकाटा पुरतो. ४एस, ५००० एमएएच, ३५सी (क्षमतेच्या ३५ पट करंट देण्याचा दावा) असं लिहिलेला खरा पॅक ५०० ग्रॅमच्या आसपास किंवा वर भरतो. हा भरला ३९५ ग्रॅम. चार्जरवर ३.३ व्होल्ट प्रतिसेलपासून पूर्ण भरेपर्यंत ३,४५० एमएएच आत गेले, आणि एका सेलचा अंतर्गत रोध बाकी तिघांच्या अडीचपट. यातून आणखी एक धोका निघतो. प्रत्येक ईएससी आपापल्या हिशोबाने लो-व्होल्टेज कटऑफ लावतो, म्हणजे व्होल्टेज घसरलं की मोटर थांबवतो. जास्त ओढणारी बाजू आधी थांबते, म्हणजे परत एकतर्फी ओढ. खरा पॅक असता तर सरासरी २५ अँपिअरला ८० टक्के वापरून साडेनऊ मिनिटं मिळाली असती. या पॅकवर जेमतेम साडेसहा. कटऑफ ‘सॉफ्ट’वर (एकदम बंद न करता पॉवर हळूहळू उतरवणारा) ठेवा आणि उतरा टायमरवर.

वजन २.६ किलो सांगितलेलं, भरलं ३.४. कारण नाकात सापडलं: जड शेपटीला तोल द्यायला हॉट ग्लूने चिकटवलेलं १८० ग्रॅम शिसं. शेपटीचा भाग कधीतरी तुटून दुरुस्त झाला होता, इपॉक्सी आणि प्लायने जड झालेला, वर नवी कव्हरिंग फिल्म. फिल्मखालची दुरुस्ती दिसत नाही, पण खोलीत अंधार करून आतून टॉर्च लावला की काळे पट्टे उमटतात, आणि नखाने टकटक केलं की आवाज बदलतो. ३.४ किलोवर स्टॉलचा वेग सांगितलेल्यापेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. नॅसेलच्या फायरवॉलही (मोटर बसते त्या पाट्या) हॉट ग्लूने लावलेल्या. तिथे ३० मिनिटांचं इपॉक्सी आणि मागून तिकोनी पट्ट्याच हव्यात, कारण गरम मोटरशेजारी हॉट ग्लू सुटतो.

पैसे द्यायच्या आधी काय मागायचं? चमकदार व्हिडिओ नको. एकाच सलग शॉटमध्ये वजनकाट्यावर विमान आणि बॅटरी, मग बांधलेल्या विमानावर डावी बाजू १५ सेकंद फुल थ्रॉटल, वॉटमीटर आणि टॅको फ्रेममध्ये, मग उजवी, मग दोन्ही. सारख्या प्रॉपवर फरक २००-३०० आरपीएमच्या आत हवा. त्याहून जास्त निघाला तर आधी दोन्ही ईएससींचं थ्रॉटल कॅलिब्रेशन वाय-हार्नेसवर एकदमच करून पाहायला सांगा. तरी फरक राहिला तर मोटर वेगळी आहे. उलट फिरणारा प्रॉप हवा असेल तर तो वेगळ्या साच्यातला असतो. नेहमीचा प्रॉप उलटा बसवून चालत नाही, अक्षरांची बाजू पुढेच हवी. मोटर उलटी फिरवायला तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं. ‘वॉटमीटर नाही’ हे उत्तर पटण्यासारखं नाही. ट्विन बनवणाऱ्याकडे वॉटमीटर नसेल तर त्याने मोटरी जुळवल्या कशावर?

‘किट कस्टममध्ये अडकलंय, आणखी सहा हजार पाठवा’ ही वेगळी जात. तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुट्या भागांना मुभा आहे. त्याचा धाक घालून हे पैसे मागितले जातात. सीमाशुल्क कुणाच्या खासगी यूपीआयवर भरलं जात नाही.

माल आला की खोकं फोडण्यापासून सलग व्हिडिओ, ट्रान्सपोर्टची पावती, यूपीआय संदर्भक्रमांक आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपा. माल आलाच नाही आणि विक्रेता गायब झाला तर तासाभरातच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. विक्रेता दुकानदार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. पण एखाद्या छंदिष्टाने आपलं एक जुनं विमान विकलं असेल तर तो सहसा व्यापारी ठरत नाही, ग्राहक कायदा तिथे तोकडा पडतो. मग उरतं पोलिसांत फसवणुकीची तक्रार, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. त्यासाठी स्टिकर सोललेल्या मोटरीचा फोटो कामी येतो, म्हणून सोलण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा काढा.

या डाकोटातलं वाचण्यासारखं थोडं होतं. डावी मोटर आणि तिचा ईएससी एका सिंगल ट्रेनरला (एका मोटरीच्या शिकाऊ विमानाला) चालेल. उजवी मोटर ३एसवर छोट्या प्रॉपने दुसरीकडे लागेल. पंख मजबूत आहेत, नव्या जोडीची वाट पाहत टांगून ठेवता येतील. बॅटरी मात्र पूर्ण डिस्चार्ज करून ई-कचऱ्यात द्यायची. ‘जमिनीवर चालेल’ म्हणून तिला रिसीव्हरची बॅटरी करायचा मोह धरायचा नाही, तो एक सेल फुगायला लागलाच आहे.